खाऱ्या काठाच्या माश्या

शेगावहून लोणारला निघालो की प्रवास खाऱ्या मुलखातूनच सुरू होतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथल्या कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. खामगाव सोडून घाट चढला की ही काळी सपाटी मागे पडते आणि जानेफळ, मेहकर, सुलतानपूर करत रस्ता लोणारला पोचतो. तिथे बसाल्टचे पठार एकदम सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात उतरते. तळाशी सरोवर आणि काठच्या ओल्या चिखलावर बारीक, काळसर माश्या. चाहूल लागली की उठतात, हातभर पुढे जाऊन पुन्हा बसतात. अशा माश्या पाहिल्या की कोकणातली पुळण आठवते. पण त्यांना समुद्र लागत नाही, खारा काठ लागतो, असे माझे म्हणणे आहे.

मग त्या शेगावातच का नाहीत, असे कोणी विचारील. खारपाणपट्ट्यातला क्षार जमिनीच्या पोटात असतो. त्याला उघडा काठ नाही. उलट लोणारला काठ उघडा आहे आणि पाण्याला बाहेर वाट नाही. ते उन्हाने आटते, खडकातून आलेला सोडा मागे राहतो आणि सामू १० च्या आसपास जातो. एवढ्या क्षारात मासा सहसा तगत नाही, स्पिरुलिनासारखे सूक्ष्म शेवाळ मात्र दाटते. शत्रू थोडे आणि अन्न भरपूर, अशा जागी एफिड्रिडी कुळातल्या माश्यांचे, म्हणजे किनारमाश्यांचे, फावते. कॅलिफोर्नियातले मोनो सरोवरही असेच सोड्याचे. तिथली एफिड्रा हायन्स ही माशी अंगावरच्या दाट लवेत हवा धरून पाण्याखाली चालत जाते, शेवाळ खाते, अंडी घालते. तिच्या अळीत तर नकोसा कार्बोनेट चुन्याच्या रूपाने साठवणारी ग्रंथीच असते!

माश्या म्हणजे घाण, हा आक्षेप उकिरड्यावरच्या घरमाशीला लागू आहे. शेवाळावर वाढणाऱ्या किनारमाशीला तो लावणे अन्याय आहे. उथळ पाण्यात किडे टिपणाऱ्या शेकाट्यासारख्या पक्ष्यांची पंगत अशाच काठावर बसते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले, नोव्हेंबरात महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला; चिखलाच्या पट्ट्याची आठवण कोणाला झाली नाही. आता पाणी चढत काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आले आहे. पाणी चढले तर माश्याही वर सरकतील, हे मोकळ्या पुळणीवर खरे आहे. विवरात वर सरकायला उतार आणि झाडी आहे, उघडा चिखल नाही. शिवाय गोड्या पाण्याने क्षारही पातळ होतो. म्हणून पाण्याची पातळी नोंदवताना उघड्या चिखलाची रुंदीही दर ऋतूत मोजली पाहिजे.