आमचं काही नाही हो, पण...

जातिभेद आता राहिला आहे कुठे, असे विचारणारे पुष्कळ लोक भेटतात. कचेरीत भेटतात, लोकलमध्ये भेटतात. नळ सर्वांना एक, हॉटेलात कोणी जात विचारीत नाही, मग भेदभाव कसला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना मी एवढेच म्हणतो, आमच्या एखाद्या माणसाबरोबर भाड्याचे घर शोधायला चला.

सामाजिक कामाच्या निमित्ताने मला हा अनुभव वारंवार येतो. आमच्या वस्तीतील एका जोडप्यासोबत मी तीन घरे पाहिली. दोघेही पदवीधर, दोघेही नोकरीला. पहिल्या घरी डिपॉझिट ठरले, चहा झाला. मग मालकीणबाईंनी आडनाव विचारले, नंतर गाव विचारले, आणि शेवटी हसत म्हणाल्या, "देवघर कुठल्या भिंतीला लावणार?" मुलीने सरळ सांगितले, "आमच्याकडे भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते." बाई क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, आम्ही असलं मानत नाही. पण सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत." दुसऱ्या घरी मालकांचे काही नव्हते, सोसायटीचे लोक कटकट करतात म्हणे. तिसऱ्या ठिकाणी एजंट म्हणाला, मालकांना शाकाहारीच भाडेकरू हवेत. त्या वेळी त्याच जिन्यात सुके बोंबील भाजल्याचा वास दरवळत होता!

तीन घरे, तीन कारणे. परंतु "मी नाकारतो" असे कोणीही म्हणाले नाही. नकार नेहमी दुसऱ्याच्या नावावर खर्ची पडतो.

ही रीत नवी नाही. १९१७ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की त्यानंतर ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. काठीवाले तरी आपल्या नावाने आले होते. या सुशिक्षित मित्रांनी मात्र एकाने नोकराला पुढे केले, दुसऱ्याने बायकोला. आज सासूबाई आणि सोसायटी पुढे केली जाते, एवढाच काय तो फरक.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ ने दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. पण गोड बोलून, दुसऱ्याच्या आडून दिलेला नकार कोर्टात सिद्ध कसा करायचा? ना चिठ्ठी, ना साक्षीदार.

याचा परिणाम घरात दिसतो. आमचे काही बांधव आडनाव बदलतात, गावाच्या नावामागे लपतात. घरमालक भाडे न्यायला येणार म्हटले की तसबीर कपाटात जाते. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यांना मी दोष देणार नाही. प्रत्यक्ष बाबासाहेबांनाही अकरा दिवस दुसरे नाव घ्यावे लागले होते. दोष लपणाऱ्याचा नाही, लपायला लावणाऱ्याचा आहे. मात्र तसबीर कपाटात जाताना घरातले लेकरू पाहत असते, याचा विचार व्हावा. आपल्यात लपवण्यासारखे काहीतरी आहे, हे ते कोणी न शिकवता शिकते.

आता थोडे आपल्या घरातही डोकावू या. बौद्ध वधू-वर मेळाव्यात पूर्वाश्रमीची पोटजात विचारणारे आपल्यात नाहीत काय? मातंग किंवा सफाई कामगार कुटुंबातील स्थळ आले, की "आमचं काही नाही, पण नातेवाईक काय म्हणतील" हे वाक्य आपल्याही तोंडी येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या तोंडी ते अधिकच लाजिरवाणे आहे.

म्हणून सोसायटीत स्वतःचे घर असलेल्या बांधवांनी वार्षिक सभेला न चुकता जावे, कमिटीवर निवडून यावे. "सोसायटीला चालत नाही" असे कोणी म्हणाले तर तसा ठराव दाखवा म्हणावे. दाखवायला कोणी धजावणार नाही. घर शोधायला जाणाऱ्याने एकटे जाऊ नये, सोबत साक्षीदार असावा. आणि आम्ही जातपात मानत नाही असे सांगणाऱ्या सवर्ण मित्रांना माझी विनंती आहे, की तुमच्या सासूबाईंशी, शेजाऱ्यांशी आधी तुम्ही बोला. ते आमचे काम नव्हे.

"आमचं काही नाही" एवढ्यावर वाक्य थांबवायला माणूस शिकेल, त्या दिवशी जातिभेद गेला असे मी मानीन.

जय भीम!