बाकी राहिलेला बर्फ

उर्दूत बर्फ 'पडते', मराठीत तो 'पडतो'. आमच्या उर्दू शाळेतली मुले मराठीच्या तासाला हमखास 'बर्फ पडली' असे लिहितात आणि आम्ही लाल शाईने ते दुरुस्त करतो. खरे तर लातूर जिल्ह्यातल्या या मुलांना बर्फ स्त्रीलिंगी असला काय किंवा पुल्लिंगी असला काय, सारखेच. त्यांचा बर्फ गोळ्याच्या गाडीवर किसला जातो, मासळीच्या टोपलीत असतो, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाण्याच्या टाकीत लादीने सोडला जातो. आभाळातून पडणारा बर्फ त्यांनी पाहिला तो सिनेमात. तिथे तो नेहमी पांढराशुभ्र आणि नायक-नायिकेला नाचता यावे म्हणूनच पडलेला असतो. पडून गेल्यावर त्याचे पुढे काय होते, ते सिनेमा कधी सांगत नाही.

2023 च्या मे महिन्यात आम्ही शाळेतले चार शिक्षक वर्षभर पैसे साठवून काश्मीरला गेलो. सोनमर्गला दुकानदाराने भाड्याचे गमबूट आणि जाड कोट आमच्या अंगावर चढवले. थाजीवासच्या वाटेला लागलो आणि पाहतो तर सगळे उतार हिरवे. मधे मधे, घळीत आणि खडकांच्या आडोशाला, मळक्या बर्फाचे तुकडे राहिलेले. जुन्या गोधडीला ठिगळे लावावीत तसे. त्यांच्यावर माती, झाडांच्या वाळक्या काड्या आणि घोड्यांची लीद. आमच्यातले एक सर हिरमुसून म्हणाले, "एवढ्यासाठी का इतक्या लांब आलो?"

घोडेवाले चाचा हसले. त्यांची बोली काश्मिरी, आमची दखनी. मधे उर्दू होती म्हणून संवाद झाला. ते म्हणाले, "जनाब, ये चिल्ले कलां की बर्फ है. इसे मैली मत कहिए. जून में हमारे धान को यही पानी देगी."

चिल्ला हा शब्द आम्हाला नवा नव्हता. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवसांनी चिल्ला न्हाते. सूफी बुजुर्ग चाळीस दिवस एकांतात बसत, तोही चिल्लाच. फारसीत 'चिहिल' म्हणजे चाळीस, त्यावरून तो आला. काश्मीरमध्ये हिवाळ्यालाही चिल्ला असतो. 21 डिसेंबर ते 30 जानेवारी हे चाळीस दिवस चिल्ले कलां, म्हणजे थोरला. त्यानंतरचे वीस दिवस चिल्ले खुर्द, म्हणजे धाकटा. शेवटचे दहा दिवस चिल्ले बच्चा. थोरल्या चिल्ल्यात पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत दबतो, गोठतो, टणक होतो. त्यावर पुढचे थर बसतात. बच्च्याच्या दिवसांत पडणारा बर्फ ओला असतो आणि तोवर ऊनही चढलेले असते, म्हणून तो लवकर पाणी होऊन वाहून जातो. म्हणजे बर्फ किती पडला याच्याइतकेच तो कधी पडला यालाही महत्त्व आहे.

चाचांनी घोडा थांबवून आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. बर्फ उरला होता तो दोनच जातीच्या जागी. एक, जिथे वाऱ्याने उघड्या माथ्यावरचा बर्फ उडवून आडोशाला आणून टाकला आणि ढीग लावला. दुसरी, जिथे डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळून घळीत साचला. त्यात उतार उत्तरेकडे तोंड करून असेल तर ऊन तिरपे आणि थोडाच वेळ लागते. आजूबाजूचा काळा खडक मात्र तापतो आणि बर्फाला कडेकडेने खातो. खालून ओढा पोखरतो. वरून पूल दिसतो आणि आत पोकळी असते, म्हणून जाणता माणूस त्यावर पाय टाकत नाही.

परत आल्यावर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. ताजा भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर असेल तर त्याचे पाणी साधारण एकच सेंटिमीटर होते. वसंतापर्यंत टिकून दबलेल्या बर्फात मात्र जवळजवळ निम्मे पाणी असते. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के ऊन परतवून लावतो. धूळ आणि काजळी बसली की तोच बर्फ ऊन पिऊ लागतो आणि लवकर संपतो. सरांना ज्याच्यात काही दिसले नव्हते, ते ठिगळ म्हणजे भरलेला हौद होता.

हा हौद आता पूर्वीसारखा भरत नाही. 2018 च्या हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस कमी पडला, तेव्हा उत्तर काश्मीरच्या काही भागांत शेतकऱ्यांना भात लावू नका असा सरकारी सल्ला द्यावा लागला. जानेवारी 2024 मध्ये, ऐन चिल्ले कलांत, गुलमर्गची कुरणे कोरडी, तपकिरी होती. फेब्रुवारी 2025 मध्ये अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटला. मोगलांनी ज्या झऱ्यासाठी तिथे बाग वसवली, तोच झरा. हे वाचले तेव्हा आम्हाला चाचांचे भाताचे खाचर आठवले.

काही ठिकाणी लोक उरलेल्या बर्फाची नोंद ठेवतात. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत 'स्फिंक्स' नावाचा बर्फाचा एक तुकडा आहे. साऱ्या ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त टिकणारा तो हाच. विसाव्या शतकात तो पूर्ण वितळल्याच्या नोंदी तीनच आहेत: 1933, 1959 आणि 1996. एकविसाव्या शतकात 2024 पर्यंतच तो आठ वेळा वितळला. डोंगर चढणारी हौशी माणसे वर्षानुवर्षे फीत घेऊन तिथे जातात, मोजतात आणि लिहून ठेवतात, म्हणून हे कळले.

आमच्या मुलुखात बर्फ नाही, पण बाकीचा हिशेब आहे. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा लहान असलेली मुले आज आमच्या दहावीच्या वर्गात आहेत. पाऊस किती पडला ते वर्तमानपत्र छापते. किती उरला ते कळते घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या अम्मीला.

सोनमर्गहून आल्यावर आम्ही मुलांकडून एक काम सुरू करून घेतले. शाळेमागच्या विहिरीत दर महिन्याच्या पंधरा तारखेला हातहातावर गाठी मारलेली, दगड बांधलेली दोरी सोडायची आणि पाणी मोजून वहीत लिहायचे. तारीख, महिना आणि शेवटचा रकाना 'बाकी'. हा शब्द शिकवावा लागला नाही. उर्दूतही बाकी, मराठीतही बाकी, आणि वजाबाकीत तर तो रोज भेटतो. ऑक्टोबरच्या ओळीत मुले मोठ्या अक्षरांत 'बारा हात' लिहितात, तेव्हा कोणी प्रश्न विचारत नाही. मार्चमध्ये विचारू लागतात. गेल्या मे महिन्यात सातवीच्या एका मुलीने वहीत 'बाकी: दोन हात' असे लिहिले आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: "पाऊस यायला अजून चोवीस दिवस." त्या ओळीखाली आम्ही लाल शाई चालवली नाही.