आमच्या दारची गाढवे

कुणाला मूर्ख म्हणायचे असले की आपण गाढव म्हणतो. गावाचा सत्यानाश झाला की गाढवाचा नांगर फिरला म्हणतो. शिवाजीमहाराजांच्या बालपणी विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे खरोखरच गाढवाचा नांगर धरला होता, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचली आहे. कोकणात शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळीचे दगड सापडतात, त्यांवरही राजाचे दान मोडणाऱ्याला शाप द्यायला गाढवच कोरलेले. एकनाथमहाराजांनी तेवढे तहानलेल्या गाढवाला काशीच्या गंगेचे पाणी पाजले म्हणतात. बाकी हजार वर्षे या जनावराच्या वाट्याला शिवीच आली आहे. तेव्हा मी दोन गाढव्या विकत आणून दारात बांधल्या, त्या दिवशी आमची आई माझ्याशी बोलेना, यात तिचा काही दोष नव्हता.

आमचे घर पनवेल तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला. गाढी नदी आमच्याच बाजूने खाली पनवेलच्या खाडीकडे जाते. (नदीच्या नावाचा आणि गाढवाचा संबंध काय, असे मुले विचारतात. मला तरी तो ठाऊक नाही.) खाली भाताची खाचरे आणि वर डोंगरउतारावर दीड एकर वरकस. वरकसात नाचणी आणि वरी. तिथवर गाडी सोडा, सायकलही जात नाही. अर्ध्या तासाची चढण आणि मध्ये एक ओहोळ. वैशाखात शेणखत वर न्यायचे आणि कार्तिकात कणसांचे भारे खाली आणायचे, हे सगळे आजवर घरच्या बायकांच्या डोक्यावर झाले. आधी आजीच्या, मग आईच्या, मग आमच्या मंडळींच्या.

सात वर्षांपूर्वी मंडळींच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितले, "मानेचे मणके झिजलेत. डोक्यावरचे ओझे आजपासून बंद." थोरला मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला, धाकटा तेव्हा शिकत होता. भारा वाहायला मजूर मिळेना, आणि मिळाला तर नाचणीच्या दामात त्याची मजुरी बसेना. जमीन घेणारे दलाल तर आमच्याकडे विमानतळाचे नाव निघाल्यापासून फिरताहेत. त्या विमानतळाचे २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटनही झाले, पण दलालांचे फिरणे काही थांबलेले नाही. "पडीक ठेवण्यापेक्षा देऊन टाका ना," असे प्रत्येकजण सांगे. मंडळी रात्री एवढेच म्हणाल्या, "अहो, वरकस गेले तर भाकरी विकत आणायची का?"

आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. घाटावरून कुटुंबे येतात, गाढवे घेऊन येतात आणि पावसाच्या आधी परत जातात. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा आमच्या विहिरीवर पाण्याला येत. त्यांना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, "बैल कशाला घेता? त्या वाटेला गाढवच पाहिजे. पण एक घेऊ नका, दोन घ्या. एकटं गाढव झुरतं." पौष पौर्णिमेला खंडोबाच्या जत्रेत जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तिथे ते मला घेऊन गेले. बाजार बघण्यासारखा असतो. गावठी गाढव ठेंगणे आणि राखाडी, काठेवाडी उंच आणि पांढरट. सगळा व्यवहार दातांवर. दोन दात आलेले ते दुवान, चार दात आलेले ते चौवान. बाबांनी दात पाहिले, खूर उचलून पाहिले, पाठीवरून हात फिरवून जुन्या जखमेची गाठ आहे का ते चाचपले आणि दोन गावठी गाढव्या निवडल्या. भुरी आणि ठकी ही नावे आमच्या धाकट्याने ठेवली.

पहिला महिनाभर त्यांच्या पाठीवर काहीच घातले नाही. बाबांचा तसा हुकूमच होता. रोज सकाळ-संध्याकाळ म्होरकी घालायची, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या आणि सोडून द्यायचे. कानाला हात लावू देत नव्हत्या, म्हणून आधी मानेला खाजवायचे, मग हळूहळू वर सरकायचे. पाय उचलायला शिकवणे सर्वांत अवघड. पाय वर घेतला की लगेच सोडायचा, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ धरायचा. मग नुसते पोते पाठीवर, मग मोकळे खोगीर, मग तंग सैल बांधून आणि शेवटी भुशाने भरलेली गोण. तंग बांधल्यावर ठकी दोन दिवस खांबासारखी उभी राहिली. मी पण तिच्याशेजारी उभा राहिलो, विडी ओढत. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन चालू लागली.

हे उभे राहणे समजून घेतले की गाढव अर्धे समजले. घोडा भ्याला तर पळतो. गाढव भ्याले तर थांबते, बघते आणि मग ठरवते. आपण त्याला हट्टी म्हणतो. पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडाला भुरी ओहोळाच्या काठावर थांबली, काही केल्या पुढे होईना. मागून येणारे चुलत भाऊ म्हणाले, "दादा, एक फटका घाला, जाईल." मी काठी वाटेवर टेकली, तर काठाची माती हातभर आत पोकळ झालेली, भसकन खाली गेली. त्यानंतर आमच्या वाटेवर काठी फक्त वाट तपासायला वापरतात. काही लोक काठीच्या टोकाला खिळा मारून टोचणी करतात. अशा माणसाने गाढव पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओझ्याचाही हिशोब असतो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे सरकारी नियम आहेत. त्यांत गाढवाला ५० किलो, खेचराला २०० किलो अशी मर्यादा घातली आहे. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ काम घ्यायचे नाही, असेही त्यांत आहे. आम्ही चढणीला ४० किलोच्या वर जात नाही. खेचराला दोनशे किलो सपाटीवर ठीक असेल, आमच्या वाटेवर मी कधी घालणार नाही. दोन्ही बाजूंचे वजन मात्र तोलून बघायलाच हवे. एक बाजू जड झाली की खोगीर सरकते आणि पाठ सोलते.

पहिल्या वर्षीचे खत दोघींनी आठ दिवसांत वर नेले. कार्तिकात भारे खाली आले तेव्हा मंडळी रिकाम्या हाताने त्यांच्यामागून चालत उतरल्या. आई ओट्यावर बसून बघत होती. तिने काही म्हटले नाही. पण संध्याकाळी तिच्या ताटातली अर्धी भाकरी कुठे गेली, ते धाकट्याने पाहिले.

खेचर नंतर आले. डोंगरावर बांधकामाचे सामान वाहणारा एकजण काम संपल्यावर विकत होता, त्याच्याकडून घेतले. आमच्या वरच माथेरान. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्यामुळे घोड्यांच्या पाठीवरून सामान चढताना आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्यामुळे खेचराचे गावाला नवल वाटले नाही. बाप गाढव आणि आई घोडी, म्हणजे खेचर. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, त्यामुळे त्याला पिल्लू होत नाही, असे पशुवैद्यांनी समजावले. अंगात बळ घोड्याचे आणि पाय टाकण्याची सावधगिरी गाढवाची. पण खेचराशी वागताना जास्त जपावे लागते. कुणी एकदा मारले तर ते वर्षभर लक्षात ठेवते. आमच्याकडे आले तेव्हा डोक्याकडे हात नेला की मागे सरकायचे. भुरी-ठकींच्या मध्ये बांधले, त्यांच्यामागून मोकळे चालवले. दोन महिन्यांनी ते माझ्या हातून म्होरकी घालून घेऊ लागले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो भाताला चांगला भाव मिळाल्यावरही झाला नव्हता.

आता आमच्या कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवायचे ते पावसाचे. गाढव मूळचे कोरड्या वाळवंटी मुलखातले. त्याच्या केसांतून पाणी निथळत नाही, आत मुरते. चिखलात उभे राहिले की खूर कुजतात. म्हणून आम्ही गोठ्याच्या उंच बाजूला दगडी ओटा घातला, वर कोरडा पेंढा, आणि चार महिने रोज खुरांतली घाण काढायची. खूर वाढतात, ते दर दोन महिन्यांनी कापून घ्यायचे. खिळा लागला तर धनुर्वाताची सुई लगेच द्यायची. खाणे मात्र अगदी थोडे. भाताचा पेंढा, थोडे गवत, मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी. घाण पाणी ती पीत नाहीत, तहानलेली राहतील. प्रेमाने कोंडा-तांदूळ भरपूर घातले तर मानेवर चरबी चढते आणि पाय धरतात. गाढवाने खाणे सोडले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, डॉक्टरला बोलवायचे. दुखणे ते दाखवत नाही, एवढीच एक खूण देते.

देशात २०१२ च्या पशुगणनेत गाढवे ३ लाख २० हजारांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजार भरली. आमच्या भट्ट्यांवरही आता ट्रॅक्टर जास्त आणि गाढवे कमी दिसतात. बाबा दोन वर्षे आले नाहीत. त्यांचा मुलगा आला होता, एकटाच, जनावरांशिवाय. पण ट्रॅक्टर आमच्या वरकसात जात नाही, आणि जाण्यासाठी डोंगर कापावा असे मला वाटत नाही. यंदा वरच्या आळीतल्या दोन घरांनी कार्तिकात आमची जनावरे मागून नेली. त्यांतल्या एका घरचा दलालाशी व्यवहार ठरत आला होता, तो सध्या थांबला आहे.

भुरी गाभण आहे. गाढवीला बारा महिने लागतात, कधी वर दोन आठवडेही जातात, तेव्हा शिंगरू भर पावसात पडणार. तिचे ओझे बंद केले आहे. ठकी मात्र तिला सोडून वर जायला तयार नाही, म्हणून रिकामी भुरीही रोज बरोबर चालते. शिंगरू विकायचे नाही, हे घरात ठरले. नाव काय ठेवायचे यावरून आई आणि धाकटा यांचे भांडण अजून चालू आहे.