आजीचं गोंदण आणि प्रिंटरचा कर्व्ह

आजी गेली त्यानंतर तेराव्याच्या आत जळगावच्या एका स्टुडिओतून तिचा फोटो फ्रेम होऊन आला. मोठा, चकचकीत, मागे निळसर आकाश. आजी त्यात गोरी होती. नुसती उजळ नाही, गोरी. आयुष्यभर कपाशी वेचून उन्हात तापलेला चेहरा एका रात्रीत दुधात बुडवून काढल्यासारखा. कोणी काही बोललं नाही. दुःखात असं बोलत नाहीत. आत्या मात्र फ्रेमजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "इच्या हनुवटीवरचं गोंदन कुठी गेलं?"

गेलं होतं खरं. हनुवटीवर तीन ठिपके होते, लहानपणी गोंदलेले, हिरवट निळे. स्टुडिओतल्या मुलाने ते डाग समजून पुसले असणार. त्याचा तरी काय दोष? रोज शंभर चेहऱ्यांवरचे पुटकुळ्यांचे डाग पुसायचे, त्यात हे तीन.

मूळ फोटो मीच काढलेला होता, असोद्याच्या आमच्या अंगणात, चुन्याच्या भिंतीपुढे. फोनमध्ये ती फाइल होती. मोठी करून पाहिली तर ठिपके दिसत होते. वर्षश्राद्धाला नऊ महिने होते. तोवर आजीचा एक फोटो मी स्वतःच्या हाताने करायचा, असं ठरवलं. आणि तो सायनोटाइपमध्ये करायचा असंही ठरवलं. त्याचं कारण फार थोर नाही. सायनोटाइपला डार्करूम लागत नाही, ऊन लागतं, आणि ऊन आमच्याकडे फुकट आहे. असोदा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, बहिणाबाई आणि भरिताची वांगी. मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा ही तिसरी गोष्ट इथे राहणाऱ्यांनाच माहीत.

सायनोटाइप म्हणजे तोच जुना ब्लूप्रिंट. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शोधला, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रशेवाळाच्या अशा निळ्या छापांचं पुस्तक करायला घेतलं. छायाचित्रं असलेलं ते जगातलं पहिलं पुस्तक मानतात. नंतर इंजिनिअरांनी ही पद्धत उचलली आणि घरांचे, पुलांचे नकाशे निळे झाले. कृती सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत, दोन्ही सारखं घेऊन कागदावर ब्रशने फासायचं आणि अंधारात वाळवायचं. वर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि उन्हात. जिथे अतिनील किरण पोचतात तिथलं लोह बदलतं आणि निळा रंग धरतो. बाकीचं पाण्याने धुऊन जातं. (बाटलीवरचं "सायनाइड" वाचून आईने मला आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. ते तेवढं विषारी नसतं, पण तीव्र ॲसिडजवळ किंवा आगीजवळ नेऊ नये हे खरं.)

अडचण निगेटिव्हची. छाप निगेटिव्हच्याच आकाराची निघते, म्हणून आठ बाय दहाचा फोटो हवा तर निगेटिव्ह आठ बाय दहाचं लागतं. फिल्मच्या काळात हे महागडं, किचकट काम होतं. १९९५ मध्ये डॅन बर्कहोल्डर या अमेरिकन छायाचित्रकाराने कॉम्प्युटरवर निगेटिव्ह बनवण्यावर पुस्तक लिहिलं आणि तिथून हा रस्ता मोकळा झाला. फोटो उलटा करायचा, पारदर्शक शीटवर इंकजेटने छापायचा, झालं निगेटिव्ह. गोव्यात पी. माधवन यांनी यासारख्या जुन्या पद्धतींसाठी गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी उभं केलं. मी तिथे गेलेलो नाही. माझी शाळा म्हणजे चुलतभावाचं ई-सेवा केंद्र, जिथला प्रिंटर दिवसभर सातबारे आणि पीकविम्याचे अर्ज काढतो.

"शाई मोजून देईन," दादा म्हणाला. "सातबाऱ्याची शाई आहे ती."

पहिलं निगेटिव्ह साध्या ओएचपी शीटवर काढलं, तर शाई पानावरच्या पाण्यासारखी थेंब थेंब होऊन सरकली. इंकजेटची शीट वेगळी येते, तिची एक बाजू खरखरीत असते, हे तेव्हा कळलं. दुसरं निगेटिव्ह नीट आलं. डोळ्यांना अगदी सुंदर. बारा मिनिटं उन्हात ठेवलं, धुतलं, आणि पाण्यात आजी उमटली. म्हणजे पांढरं लुगडं उमटलं, पांढरी भिंत उमटली, आणि मधोमध निळा काळोख. त्यात डोळे नव्हते, नाक नव्हतं. लुगड्यात कोणीच नव्हतं.

आई आली, पाहिलं. "दिवसभर हे निये कागद वायवू राह्यला, आन् डोये कुठी गेले इचे?"

इथून खरं काम सुरू झालं. ते जरा सविस्तर सांगतो, कारण फोटोत ‘ब्राइटनेस’ची पट्टी सरकवणाऱ्या प्रत्येकाचा याच्याशी संबंध आहे.

स्क्रीन, प्रिंटर आणि सायनोटाइपचा कागद, प्रत्येकाची उजेड मोजायची रीत वेगळी. स्क्रीनवर अर्धा करडा दिसणारा रंग प्रिंटर त्याच्या हिशोबाने शाईत बदलतो, ती शाई तिच्या हिशोबाने अतिनील किरण अडवते, आणि कागद त्याच्या हिशोबाने निळा होतो. तीन माणसांनी एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात सांगितलेला निरोप. शेवटी काय पोचेल त्याचा भरवसा नाही. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या डोळ्यांना जे दाट दिसतं ते अतिनील किरणांनाही दाट असेलच असं नाही. मी काळ्या, निळ्या, लाल, पिवळ्या अशा पट्ट्या छापून उन्हात ठेवल्या. निळ्या पट्टीतून ऊन बिनदिक्कत पार झालं, आणि फिकट दिसणाऱ्या पिवळ्याने ते बऱ्यापैकी अडवलं. म्हणून शेवटी निगेटिव्ह काळं न छापता पिवळट तपकिरी छापलं. सेटिंगमध्ये कागद ‘ग्लॉसी फोटो’ निवडला, म्हणजे हा प्रिंटर त्याची काळी शाई बाजूला ठेवून रंगीत शायाच वापरतो आणि त्या शीटवर नीट बसतात.

मग वेळ ठरवायची. रिकामी शीट कागदावर ठेवायची आणि पुठ्ठा मिनिटामिनिटाला सरकवत जायचा. जिथून पुढे निळा आणखी गडद होत नाही, ती कमीत कमी वेळ आपली. एप्रिलमध्ये सकाळी साडेअकराला माझी वेळ आठ मिनिटं आली. ती मी सोडली नाही. रोज त्याच वेळी, त्याच ओट्यावर. आई भरिताचं वांगं बोटाने दाबून सांगते झालं की नाही, घड्याळ बघत नाही. मला ते बोट नव्हतं म्हणून घड्याळ.

त्यानंतर चार्ट. एकवीस चौकोन, कोऱ्यापासून पूर्ण गडदपर्यंत पाच पाच टक्क्यांनी वाढत जाणारे. त्याचंच निगेटिव्ह करायचं, छाप काढायची, पूर्ण वाळू द्यायची (सायनोटाइप वाळताना एक दिवस तरी गडद होत राहतो, घाई केली तर आकडे खोटे पडतात) आणि स्कॅन करायची. स्कॅनरमधली सगळी आपोआप सुधारणा बंद करून. कोऱ्या कागदाला शून्य आणि सर्वांत गडद निळ्याला शंभर धरलं, तर माझे आकडे असे आले: १० चा चौकोन २ वर, २५ चा १९ वर, ५० चा ७१ वर आणि ७५ चा ९७ वर.

आजी कुठे हरवली ते या शेवटच्या आकड्यात होतं. ७५ पासून १०० पर्यंतचे सहा चौकोन जवळजवळ एकच दिसत होते. आणि तिचा चेहरा फोटोत होता ६० ते ७५ च्या दरम्यान.

कर्व्ह म्हणजे या चुकीची उलटी चूक. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे माहीत असलं की आपण मनातल्या मनात दहा मिनिटं मागे करतो, तसं. मला छापेत ५० हवे असतील, तर चार्टवर ५० कुठे उमटले ते पाहायचं. ते साधारण ४० च्या जागी होते. म्हणून फोटोतल्या ५० ला प्रिंटरकडे ४० म्हणून पाठवायचं. ७५ हवे तर ५४. आणि वरच्या टोकाला उलट, १० हवे तर १७. असे सगळे बिंदू गिंपमधल्या ‘कर्व्ह्ज’च्या चौकटीत टाकले की एक वाकडी रेघ तयार होते. तीच तुमचा प्रिंटर, तुमची शाई, तुमचा कागद आणि तुमचं ऊन यांचा ठसा. दुसऱ्याचा कर्व्ह आयता घेऊन चालत नाही, यामुळेच.

मध्ये बोअरच्या पाण्याने आठवडा खाल्ला. छाप धुताना निळा रंग फिका पडून पिवळट व्हायचा आणि चार्टचे आकडे रोज वेगळे यायचे. आमचं पाणी जड आणि क्षारयुक्त, आणि हा निळा क्षाराला घाबरतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चिमूटभर पहिल्या पाण्यात टाकलं, मग थांबलं.

कर्व्ह लावून काढलेली छाप पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आजी होती. डोळे होते, नाकातली चमकी होती, गालफडाची हाडं होती. ठिपके नव्हते.

भिंग घेऊन पाहिलं. फाइलमध्ये हनुवटी ६८ होती आणि ठिपके ७२. चार टक्क्यांचा फरक. कर्व्ह प्रामाणिक होता, त्याने चारचे चारच दिले, पण गडद निळ्यात चार टक्के डोळ्यांना कळत नाहीत. गंमत पाहा, गोंदण मुळात निळंच, आणि निळ्या छापेतच ते बुडालं.

सोपा उपाय होता, सगळा चेहरा उजळ करायचा. ६८ ला ४५ वर आणलं की ठिपके दिसायला लागले असते. आणि मी एक छाप तशी काढलीही. ठिपके दिसले. आणि भिंतीवरच्या स्टुडिओच्या फोटोतली बाई माझ्याकडे बघत होती, फक्त निळ्या रंगात.

तेव्हा आजीचं एक वाक्य आठवलं. चुलतबहिणीच्या लग्नात फोटोवाला "आजीबाई, गोरं करून देतो" म्हणाला, तर ती म्हणाली होती, "मी कायी आहे तं कायीच दिसू दे."

हा प्रश्न फोटोग्राफीला नवा नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅकने लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड दिलं, ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखलं गेलं. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. बाकीच्यांचे चेहरे मग जसे येतील तसे. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी यावर लिहिलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार तपकिरी छटा सुधारण्याचा दबाव कोडॅकवर आणला त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणारे होते, त्यांचा माल फोटोत नीट दिसेना म्हणून. हे वाचून मी हसलो, मग हसू गेलं.

कर्व्हच्या रेघेकडे बघत बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. रेघ किती उंच आहे यावरून चेहरा काळा की गोरा ते ठरतं. रेघ किती खडी आहे यावरून चेहऱ्यातलं काय काय सुटं दिसतं ते ठरतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला ‘क्लिअर’ म्हणजे ‘गोरं’ अशी सवय लावली आहे, फोनने आणि स्टुडिओने मिळून. मी हनुवटीचे ६८ तिथेच खिळवले आणि त्याच्या आजूबाजूला रेघ खडी केली, म्हणजे ६० ते ७५ मधल्या छटा ५२ ते ८० मध्ये पसरतील. चेहरा तेवढाच काळा, पण आत जागा जास्त.

ही जागा फुकट मिळत नाही. कागद शंभर छटांपलीकडे एकही देत नाही. इथे रेघ खडी केली की दुसरीकडे आडवी होते. माझ्या बाबतीत ती लुगड्यावर आणि भिंतीवर आडवी झाली. लुगड्याची बारीक नक्षी गेली, चुन्याचे पोपडे गेले. मी ते जाऊ दिलं.

दादाने दोन्ही छापा शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाला, "मंग तू बी एडिटिंगच केलं ना?"

केलंच. त्याने ठिपके घालवले, मी लुगड्याची नक्षी घालवली. एवढंच म्हणेन की काय घालवतोय ते मला माहीत होतं, आणि निवडलं मी होतं, मशीनने नाही. दादाला हे पटलं नाही. त्याने शाईचे सहाशे रुपये मागितले. दिले.

वर्षश्राद्ध जूनमध्ये आलं, पहिला पाऊस होऊन गेला होता. हार स्टुडिओच्याच फोटोला घातला. बाबांनी हौसेने केलेली फ्रेम होती, मी काही बोललो नाही. माझी छाप आईने आतल्या खोलीत कोनाड्यात ठेवली होती. जेवणं झाल्यावर आत्या तिथे पदराला हात पुसत आली. काचेवर बोट ठेवून मोजलं. "एक, दोन, तीन. हा डावा खालीच होता, गोंदनारीचा हात सरकला व्हता म्हने." मग म्हणाली, "मले व्हॉट्सॲपवर धाड."

मी फोन काढला, छापेवर धरला. स्क्रीनवर चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आली. क्लिक केलं. आत्याला दाखवण्याआधी मोठं करून पाहिलं, तर गाल गुळगुळीत आणि हनुवटी कोरी.

"थांब आत्या," म्हटलं, आणि सेटिंग शोधायला लागलो.