क्ष-त्रुटी

दोषाची नेमकी जागा कोणती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एखादी कविता वर्गात पोचत नाही, तेव्हा उणीव कवितेची, वाचकाची की शिकवणाऱ्याची, याचा निवाडा आपण बहुधा आपापल्या कलानुसार करतो. या प्रश्नाचा मी वाचलेला सर्वांत चिवट पाठपुरावा मात्र समीक्षेच्या ग्रंथात नाही. तो बंदुकीच्या गोळीवरील एका अमेरिकन पुस्तकात आहे: फ्रँकलिन मॅन यांचे, १९०९ साली प्रसिद्ध झालेले ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’.

ते मला वाचायला दिले माझ्या मावसभावाने. तो टेक्सासमध्ये राहतो, दूरच्या कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो आणि आपली काडतुसे स्वतः भरतो. वापरलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून पूर्ववत करायची, तळाशी नवा प्राइमर बसवायचा, दारू तोलून भरायची आणि शेवटी मानेत गोळी बसवायची, असा तो क्रम. यात त्याला सर्वाधिक चिंता समकेंद्रिततेची. गोळीचा अक्ष आणि पुंगळीचा अक्ष एकच आहे ना? भरलेले काडतूस तो दोन खाचांवर आडवे ठेवून बोटाने फिरवतो. गोळीला टेकलेल्या डायल गेजचा काटा हलला की काडतूस वाकडे. हिशेब इंचाच्या हजाराव्या भागांत चालतो. पुंगळीच्या मानेची भिंत एका बाजूला जाड असली, किंवा साच्यातून निघताना मान आतून रुंद करणाऱ्या गुंडीने ती ओढली गेली, तरी एवढा वाकडेपणा येतो.

तिरकी बसलेली गोळी नळीच्या पीळदार खाचांत तिरकीच शिरू शकते, आणि मग तिचा गुरुत्वमध्य नळीच्या अक्षावर राहत नाही. नळीत असेतो तिला नळीच्या अक्षाभोवतीच फिरावे लागते. सुटताक्षणी ती गोफणीतल्या दगडासारखी किंचित बाजूला फेकली जाते. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत गुरुत्वमध्य एक हजारांश इंच ढळला, तर शंभर यार्डांवर सुमारे सव्वादोन इंचांचा फरक पडतो. सुदैवाने बाहेरून मोजलेला वाकडेपणा सगळाच्या सगळा गुरुत्वमध्यापर्यंत पोचत नाही, कारण खाचांत शिरताना गोळी काहीशी सरळ होऊ शकते. म्हणूनच किती हजारांश सोसावेत, यावर नेमबाजांचे एकमत नाही.

मॅन यांचा प्रश्न याच्याही आधीचा होता. वैद्यकीची पदवी घेतलेला, पुढे कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापण्याची यंत्रे बनवणारा हा मॅसॅच्युसेट्समधला गृहस्थ. नेम चुकला की कोणी वाऱ्याला बोल लावतो, कोणी दारूला, कोणी स्वतःच्या हाताला. मॅन यांनी प्रथम माणूसच वगळला. नळी व्ही आकाराच्या खोबणीत ठेवली, आणि खोबण काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर पक्की केली. त्या ओट्याला त्यांनी ‘जिब्राल्टर’ म्हटले. गोळीच्या वाटेत कागदी पडदे लावून तिचा कल भोकांवरून वाचला. गोळ्या मुद्दाम विद्रूप करून पाहिल्या. नाक बिघडवलेल्या गोळ्यांत फारसा फरक पडला नाही. बूड बिघडवलेल्या मात्र भरकटल्या. डोळ्यांत भरणारा दोष जवळजवळ निरुपद्रवी, आणि पुंगळीत झाकलेला दोष घातक! इतके करूनही जी चूक उलगडेना, तिला त्यांनी ‘एक्स-एरर’ म्हटले. आपण तिला क्ष-त्रुटी म्हणू.

हे वाचताना आय. ए. रिचर्ड्स आठवणे अपरिहार्य होते. त्यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या, लेखी अभिप्राय मागवले, आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये त्यांची चिकित्सा केली. नाव काढून घेणे हीही एक घटक वगळण्याचीच रीत. पण दोघांची दिशा उलट होती. मॅन यांनी माणूस काढून वस्तू पारखली. रिचर्ड्स यांनी कवीच्या प्रतिष्ठेचा आधार काढून माणूस पारखला. वाचकाला काँक्रीटच्या ओट्यावर पक्के करता येत नाही, आणि करता आले, तर मग कविता कोणासाठी?

उत्तरपत्रिका तपासताना हा प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाही. लेखनाच्या चुका, विस्कळीत सुरुवात, चुकलेले साल हे झाले गोळीचे नाक. ते लगेच दिसते, आणि गुण तिथेच कापले जातात. कवितेशी कधी गाठच न पडलेल्या मुलाने मार्गदर्शिकेतून घोटून लिहिलेले उत्तर बुडाशी बिघडलेले असते. तिथे गुणपद्धतीचा काटा हलत नाही. उलट कवितेने खरोखर हलवलेली, पण अडखळत लिहिणारी मुलगी मागे पडते. तिने पुढे साहित्य शिकावे की नाही, हे त्या काट्यावर ठरते. “दादा, मोजता येतं म्हणून आम्ही ते मोजतो,” असे भाऊ एकदा म्हणाला होता, “पाच गोळ्यांनी फारसं काही सिद्ध होत नाही.” आपण तर एकाच उत्तरपत्रिकेवर निकाल देतो.

मोजमाप सोडून द्यावे, असे मला म्हणायचे नाही. त्याने मोजणे सोडलेले नाही, आणि मीही गुण देतच राहणार. मॅन यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती एक सवय: जिचे कारण अजून हाती लागलेले नाही, ती चूक वाऱ्याच्या किंवा कोणाच्या हाताच्या नावावर न खपवता तिची वेगळी नोंद ठेवण्याची. आपल्या गुणपत्रिकेत तेवढा एक रकाना नाही.