भाड्याची खोली आणि वीज-पाण्याचा हिशेब

भाड्याच्या दोन-चार खोल्यांवर घरखर्च चालवणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. वडिलांनी आयुष्यभर राबून वरचा मजला चढवलेला असतो आणि त्यांच्या मागे त्याच खोल्यांचे भाडे आईच्या औषधपाण्याला, मुलांच्या फीला पुरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, घरमालकाची मजा आहे. हातात येणाऱ्या भाड्यातून वीज, पाणी, घरपट्टी आणि दुरुस्ती वजा केली की काय उरते, ते घरातल्यांनाच माहीत असते.

जुन्या नाशकात आमचे असेच एक घर आहे. खाली आम्ही तिघे भावंडे आणि अम्मी राहतो, वर चार भाडेकरू. दोन कुटुंबे आहेत, एका खोलीत अंबडच्या कारखान्यात कामाला जाणारी दोन मुले आहेत आणि मागच्या खोलीत फॉल-पिको करून संसार चालवणाऱ्या एक आपा आहेत. अब्बांच्या काळापासून वरच्या सगळ्या मजल्याला एकच वीजमीटर होता. बिल आले की चार भाग करायचे आणि घरटी सारखे पैसे घ्यायचे. घरात दोन दिवे आणि एक पंखा एवढीच वीज होती तेव्हा ही पद्धत सरळ होती आणि कोणाची तक्रार नव्हती.

पुढे कोणाकडे फ्रीज आला, कोणाकडे कूलर, कोणाकडे वॉशिंग मशीन. बिल वाढत गेले. चौघांनाही ते झेपेना, म्हणून वाढीचा काही भाग आम्ही भाड्यातून सोसू लागलो. एका मे महिन्यात आपा अम्मीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अम्मी, माझ्याकडे फ्रीज नाही, कूलर नाही. एक शिलाई मशीन आणि एक पंखा. मग माझा वाटा इतरांएवढाच कसा?" त्या दुसरी खोली शोधत आहेत हेही अम्मीला त्यांच्याकडूनच कळले. दहा वर्षे वेळेवर भाडे देणारे माणूस वीजबिलामुळे घर सोडायला निघाले होते. तेव्हा आम्ही भावंडांनी बसून सगळा हिशेब नव्याने मांडला. तोच इथे देत आहोत. इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट मीटरची. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वात कमी. 101 ते 300 चा टप्पा त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यापुढे 301 ते 500 आणि 500 च्या वर, असे आणखी महाग टप्पे आहेत. आता समजा चार बिऱ्हाडे प्रत्येकी 90 युनिट वापरतात. चौघांचे मीटर वेगळे असतील, तर सगळी वीज पहिल्याच टप्प्यात बसते. तीच 360 युनिटे एका मीटरवर आली, तर फक्त पहिली 100 स्वस्त. पुढची 200 दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली 60 तिसऱ्या टप्प्यात जातात. वीज तेवढीच, माणसे तीच, पण बिल कितीतरी जास्त. वेगळ्या मीटरला प्रत्येकी स्थिर आकार द्यावा लागतो हे खरे. तो धरूनही आमच्या घरी वेगळे मीटर स्वस्त पडले. आपल्या घरचा हिशेब आपल्या बिलावरच्या दरांनी करून पाहावा.

बरेच जण सबमीटर लावतात. सबमीटरने कोणी किती वीज वापरली ते कळते, म्हणून वाटणीचा वाद मिटतो. पण मुख्य मीटर एकच राहत असल्याने महाग टप्पा काही सुटत नाही. सबमीटर असेल तर आलेल्या बिलाचीच वाटणी करावी, वर आपला नफा चढवू नये. वीज विकण्याचा परवाना वितरण कंपनीला असतो, घरमालकाला नाही.

वेगळे मीटर आम्ही आमच्याच नावावर घेतले. बिल भाडेकरू भरतो. थकबाकी राहिली तर ती शेवटी आमच्या डोक्यावर येते, म्हणून डिपॉझिट किती, खोली सोडताना शेवटचे बिल कोणी भरायचे, हे करारात लिहून ठेवले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. याच कायद्याचे कलम 29 सुद्धा प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावे. भाडे थकले म्हणून रागाच्या भरात भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. जिन्यावरचा दिवासुद्धा त्या कलमात आवश्यक सेवा म्हणून धरलेला आहे. खर्च कमी करायचा तो उधळपट्टीतून करावा, माणसाच्या गरजेतून करू नये.

दुसरी गोष्ट गळतीची. एके दुपारी सगळ्या बिऱ्हाडांचे मेन स्विच बंद करून आम्ही मीटरसमोर उभे राहिलो. कोणाकडे काही चालू नव्हते, तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. इलेक्ट्रिशियनला बोलावले. जिन्याजवळच्या ओलसर भिंतीतली जुनी वायर खराब झालेली निघाली. तिच्यातून वीज वाया जात होतीच, शिवाय पावसाळ्यात लहान मुलांचा हात त्या भिंतीला लागला असता तर काय झाले असते, या विचाराने अम्मीची झोप उडाली. वायर बदलली आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही बसवला. ही तपासणी करायला पैसा लागत नाही. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी प्रत्येक घराने करावी.

तिसरी गोष्ट सामाईक वापराची. जिन्यात आणि गच्चीच्या वाटेवर 60 वॅटचे चार जुने बल्ब रात्रभर जळत असत. बारा तास धरले तर दिवसाला जवळजवळ 3 युनिट आणि महिन्याला 86 युनिट होतात. त्यांच्या जागी 9 वॅटचे एलईडी लावले, तर तोच खर्च महिन्याला 13 युनिटांवर आला. पाण्याची मोटर 1 एचपीची. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागेपर्यंत कोणी बंद करत नसे. रमजानमध्ये सेहरीच्या वेळी मोटर लावून सगळे आपापल्या कामाला लागत आणि टाकी खुशाल वाहत असे. रोज 20 मिनिटे मोटर जादा चालली तर महिन्याचे 10 तास होतात. म्हणजे 8 ते 10 युनिट वीज गेली, वर पाणी गेले ते वेगळेच. टाकी भरताच मोटर आपोआप बंद करणारा स्विच बसवला, आणि "मोटर कोणी बंद करायची" हा रोजचा वादही संपला.

पाण्याचा विषय नाशिककरांना नव्याने सांगायला नको. गोदावरीवरचे गंगापूर धरण आपल्या जवळ आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पाऊस लांबला की पाणीकपातीची बातमी येतेच. गळक्या नळाखाली एक तास भांडे ठेवून पाहा. अर्धा लिटर पाणी जमले, तर दिवसाचे 12 आणि महिन्याचे 360 लिटर झाले. संडासाच्या फ्लशची गळती तर दिसतही नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास पाणी न सोडता थांबावे. खाली भांड्यात रंग उतरला की समजावे, वॉशर गेला आहे. एका वॉशरची किंमत ती किती! पण भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे आहे. मालक म्हणतो, वापर भाडेकरूचा आहे. दोघांच्या मध्ये पाणी वाहत राहते.

भाड्याच्या घरातला खरा गुंता हाच आहे. वस्तू मालकाने घ्यायची आणि बचत भाडेकरूची व्हायची. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला 20 युनिट वाचतात, पण ती भाडेकरूच्या बिलात. मग मालकाने नव्या पंख्याला पैसे का घालावे? आमच्यातही यावर बरीच चर्चा झाली. धाकटा भाऊ म्हणाला, "पंखे आपण घेऊ आणि भाडे वाढवू." अम्मी म्हणाली, "खोली एक महिना रिकामी राहिली तर किती जातात, तेही मांडा." मांडले. एका महिन्याचे भाडे, दलालाचे पैसे आणि रंगकाम मिळून चारही खोल्यांच्या पंख्यांपेक्षा रक्कम जास्त झाली. पंखे घेतले आणि करार संपेपर्यंत भाडे आहे तेच ठेवले.

छतावरच्या सौरऊर्जेचाही विचार चालू आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. पण तो संच ज्या मीटरला जोडला जातो, साधारणपणे त्याच मीटरचे बिल कमी होते. भाडेकरूंचे मीटर वेगळे असतील तर त्यांना त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. ज्यांचे घर जुने आहे त्यांनी छताला वजन पेलेल का, हे इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावे.

आपा अजून आमच्याच घरात आहेत. त्यांचे बिल आता पहिल्याच टप्प्यात बसते आणि ते त्या स्वतः भरतात. आम्हालाही भाड्यातून भर घालावी लागत नाही. हे सगळे करताना आम्ही एक नियम पाळला. प्रत्येक बिलाची प्रत जिन्याजवळच्या भिंतीवर लावली, म्हणजे कोणालाही कधीही पाहता यावी. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात पैशांपेक्षा संशय जास्त भांडणे लावतो. हिशेब उघडा ठेवला की निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत. उरलेली निम्मी नवा वॉशर आणि एलईडीचा दिवा मिटवतो.