पोहोचली ती पहिली

मृग लागण्याआधी एकदा ट्रंक उघडायची, हा माझा दरवर्षीचा नेम. आदिलाबादच्या उन्हानं तोवर हवेतला सगळा ओलावा शोषलेला असतो. ओसरीच्या सावलीत चादर अंथरते, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलते आणि एकेक पुस्तक मांडीवर घेते.

त्यात हार्डीची ‘द वुडलँडर्स’ आहे. हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या बाजारात मिळालेली, कृष्णा एक्स्प्रेसनं घरी आलेली. लंडनला ही कादंबरी १८८७ साली तीन खंडांत निघाली. तिथं तीन खंडी कादंबरीला साडेएकतीस शिलिंग पडत. लोक वर्गणी भरून वाचनालयातून आणत. संग्राहकांचा जीव त्या तीन खंडांवर. माझी प्रत मॅकमिलनच्या ‘कलोनियल लायब्ररी’तली, एका खंडाची. ही माला हिंदुस्थानात आणि वसाहतींतच विकायची, अशी तिची अट. मायदेशी जिला दुकान बंद होतं, ती प्रत आपल्याच वाचकासाठी बोटीत चढली. मला तिचंच अप्रूप.

तिच्या शेजारी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’. कापडी बांधणी विरलेली, कडा बिस्किटासारख्या ठिसूळ. हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ १८८५ सालची, रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीवरून सुचलेली. पाच वर्षांनी त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’मधल्या यमूची कहाणी त्यात क्रमशः येऊ लागली. डिकन्सचे वाचक महिनाभर थांबत, हरिभाऊंचे पुढच्या अंकापर्यंत. यमूचं पुढं काय होणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जुनी प्रत हातात घेतली की त्या न कळलेल्या दिवसांशेजारी बसता येतं. माझ्या प्रतीत एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. फोडणी टाकता टाकता कुणीतरी ते पान उलटलं असणार.

आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. नदीच्या अलीकडच्या आमच्या घरांत मराठी बोलली जाते, पण बहुतेक मुलांची शाळा तेलुगू नाहीतर इंग्रजी. त्यामुळे घर बदलताना आजोबांची मराठी पुस्तकं आधी रद्दीत जातात. माझ्या मते आपल्या मुलखाची पहिली आवृत्ती म्हणजे आपल्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचलेली प्रत, मग मुखपृष्ठावर तिसरी लिहिलेलं असो की पाचवी. म्हणून एवढंच मागणं आहे: तराजूत टाकण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडा, आणि बोट उमटलेलं पान दिसलं तर ते घरीच ठेवा.